कोनाड्यातलं गुंतवळ

मुखेड, ४ मार्च
मंगल, ही वही तुझ्या हाती पडंल तवर निम्मं इसरलेली असशील. चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पा हाणणारी तू! म्हणून लिहून ठेवते. अक्षर तुझ्या मामीचं, जीभ माझी. कौसे, हे बी लिही. हसू नको.

मंगलचं बाळ चार महिन्यांचं झालं. आज मंगल उंबऱ्यात विंचरायला बसली अन् फणीत मूठभर केस आले. "आजी, परत येतात ना गं?" मी शेंगा फोडत होते. फोडतच राहिले.

७ मार्च
टँकर आला न्हाई. न्हाणं न्हाई. मंगल डोक्यावरचा पदर काढीना.

नातजावई लातूरहून मंगलला न्यायला आले. जिल्हा नवा, कचेरी नवी, तिथं शिपाई म्हणून लागलेत. खोली मिळाली. ही म्हणते, "असं डोस्कं घेऊन नव्या बायांत येत न्हाई."
म्हणलं, "कलेक्टर काय केस मोजून बिऱ्हाड देणार हाय?"
जावई हसले. ही न्हाई. एकटेच गेले, तिनाच्या यष्टीनं.

९ मार्च
हिची आई म्हणजे माझी रतन. मागच्या मोठ्या दुष्काळात दुसऱ्यांदा बाळंत झाली. बाळ गेलं. सव्वा महिना झाला न् झाला, खडी फोडायला गेली. मग तिचे असेच, मुठीमुठीनं. "आये, येतील का परत?"
"येतात गं. समद्यांचे जातात, समद्यांचे येतात."
यायच्या आधी तीच...
हे लिहू नको. लिहिलंस? राहू दे.

तेच बोल आता तोंडाशी येतात अन् तोंड मिटतं.

१२ मार्च
रतनचं गुंतवळ कोनाड्यात होतं, आत, कापडाच्या बोळ्यामागं; मंगल आपलं पुढं ठेवी. इतकी वर्षं. कुणाला सांगितलं न्हाई.

आज केसांवर भांडी देणारी आली. मी गिरणीत. आले तर कोनाडा साफ, मंगलच्या हातात स्टीलची वाटी. "बघ आजी, गळक्या केसांचं बी काहीतरी आलं!" किती दिवसांनी हसली.
वाटी चांगली हाय, म्हणलं.

१३ मार्च
त्या वाटीत बाळाचं तेल. कुठं बी बसले तरी वाटी दिसते. कुणीतरी बघून राहिल्यासारखी.

१६ मार्च
मंगलनं ट्रंकेतून फडकं काढलं. गाठ सोडली.
"आजी, एक लई लांब केसांचं होतं. माझे एवढे कधीच नव्हते. ते न्हाई दिलं मी."

दूध इसरणारी पोर. पण आई उंबऱ्यात बसून फणी झटकायची, हे सात वर्षांची असताना पाहिलेलं ध्यानात हाय.
"आईचे आले होते परत?"

खोटं येईना. "न्हाई. पण केसांनी न्हाई गेली ती. उपाशी होती. खडीच्या कामावर खायला सुकडी वाटायचे, ती ओच्यात बांधून आणायची, तुझ्या तोंडात घालायची. मी बघत होते. धरून खाऊ घालायचं, तर केस येतील म्हणत बसले."

मंगल उठून बाळाकडं गेली. सांजच्याला तिचं ताट तसंच.

२० मार्च
गेली लातूरला. जाताना पदर मागं पडला तर सावरला न्हाई. कपाळावर बारीक लव दिसली, का माझ्या डोळ्यांचं पाणी, कळलं न्हाई. फडकं नेलं. वाटी इथंच. इसरली का ठेवली?

२ एप्रिल
चिठ्ठी न्हाई. दोन येळा यष्टीच्या ड्रायव्हरला इचारलं. तो म्हणला, "आजी, मी गाडी चालवतो, घरं न्हाई हिंडत."

कौसे, उद्याच्या लातूर गाडीत ही वही दे. संगं अळिवाचे लाडू, वीस. गूळ कमी पडला तर माझ्या चहाचा घाल. खारीक नीट कूट, तिचे दात बी बाळंतिणीचे. वाटी वर उपडी ठेव. मंगल, रोज दोन, उभ्या उभ्या खायचे. ओच्यात बांधायचे न्हाईत.