डोहातल्या काट्या

१२ मार्च ७३, सोमवार
परवरा नदी आटली. पानी उरलंय ते एकाच डोहात. आमी भोयांनी आज ठरवलं, पाऊस पडस्तवर तिथं कुनी जाळं टाकायचं न्हाई. अंड्यावरच्या मरळी तिथंच हायत. त्या गेल्या तर पुढल्या साली नदीत बेडकंच धरायची. धाकटे दीर सखारामभावजी, सगळ्यात आधी त्यांनीच हात वर केला. तवाच खटकलं. ह्यो मानूस पहिला कधी कशाला असतो?

१५ मार्च, गुरुवार
हे दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. भावजी गुडघा धरून घरी. गुडघा दुखतो, पन डोहाकडं रोज जानं हाय.
"वयनी, पानकावळे आलेत. सगळं खाऊन टाकत्यात. त्यांच्या घशात घालन्यापरीस आपन काढलेलं काय वाईट?"
म्हनलं दाखवा. गेले तर एक पाखरू. एक! तेबी वरून उडत गेलं.

१८ मार्च, रविवार
जाऊबाईच्या, म्हंजी भावजींच्याच दारात खवले. ओले, चकचकीत.
"सुकी मासळी भिजवली हुती बाई."
आमी काय कालच्या हाव? ह्यांना सांगितलं. "माझा भाऊ हाय त्यो," म्हनले आन् भाकर मोडत ऱ्हायले.

१९ मार्च
बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, तोडल्या, एकटीनं ओढत नेल्या, डोहात टाकल्या. काट्यात जाळं गुतलं की फाटल्याबिगर निघत न्हाई. आता ओढ म्हनावं. हात सोलले. भावजी काठावर उभा.
"कुनासाठी एवढं, वयनी?"
"चोरासाठी."
हसला. हसन्यासारखं काय हुतं त्यात?

२४ मार्च, शनिवार
पानी आनखी खाली गेलं. काट्या वर निघाल्या. त्यावर पानकावळे. रांगेनं. पंख पसरून वाळवत बसल्यात, जशी त्यांच्या बापाची कापडं वाळवायची दोरी हाय. आधी ह्या काठाला पाखराला टेकायला काटकी न्हवती. आता मीच...
दगड मारला. एकानं उडता उडता घास ओकला. मरळ. वितीएवढी, डोकं विरघळलेलं. पोट दाबलं तर अंडी आली.
पन मग ते खवले कुनाचे?

२६ मार्च
रोज वरडून पाखरं हाकलते. पाठ फिरली की परत हजर. काट्या काढाव्या तर जाळ्याला रान मोकळं. ठेवाव्या तर हे.
ह्यांना इचारलं. "काढून टाक. काट्या नस्त्या तर पाखरं बसली असती का?" लगेच बोलले. भाऊ बोलतोय का नवरा, कळत न्हाई.

१ एप्रिल, रविवार
सकाळी भावजी दारात. हातात दोर.
"चला वयनी, काट्या ओढू."
"आन् गुडघा?"
"तुमचं वरडनं ऐकून बरा झाला."
खांद्यावर जाळं बी हुतं. म्हनलं, हे कशाला?
"डोहावर तानून बांधू. वरनं पाखरू उतरनार न्हाई."
खरं हाय. जाळं तानलं की पाखरू उतरत न्हाई. पन तेच जाळं पान्यात बी उतरतं, ते बी खरं हाय. इतक्या दिसात हे आजच कसं सुचलं?
ओट्यावर बसलाय. च्या मागितला. हे बी त्याच्याशेजारी. आतनं मला त्यांच्या पाठीच दिसत्यात. तिकडं पाखरं खात असत्याल.
च्या उतू चाललाय. उठावं.