एप्रिलची फिक्की बाटली

२ एप्रिल
मार्चची बाटली आली. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून उचलून थेट लॅब. झाकणावर र.चं अक्षर. जगाला रुचिता, इथं र. पुरे. एका वर्गात होतो. मी सेकंड इयरला सरांशी भांडून, स्टूल फेकून बाहेर, ती एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कोकणात. दर महिन्याला एकाच खाडीचं पाणी पाठवते, मी मायक्रोस्कोपखाली त्यातलं प्लवक मोजतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव. काम तिनंच लावून दिलं. समुद्र मी अजून पाहिला नाय.

लॅबच्या मॅडमकडं त्याच खाडीचे आठ वर्षांचे तक्ते. पावसाळ्यानंतर काचेच्या कवचाचे लई, उन्हाळ्यात कमी, मग पुन्हा तेच. पाठ झालंय. र. म्हणते, ही खाडी शब्दाची पक्की. मी पण आहे. कोण विचारतं.

५ एप्रिल
मोजणी संपली. एक नवाच निघाला. गोल, कंबरेला करदोडा बांधल्यासारखी खाच, कवच नाय. सगळे मिळून अकरा. तक्त्यात त्याला रकानाच नाय, 'इतर'मधे टाकला. इथं समासात काढून ठेवलाय. शेजारी र.चे डोळे काढायला गेलो, बिघडले.

पठाणचाचा, आमचे लॅब अटेंडंट, निघताना म्हणाले, "बोतल का रंग देखते रहना बेटा. कोऱ्या चहासारखा पाहिजे. फिक्की पडली की आयोडीन टाक, नायतर आतलं विरघळून जातं." गरमीत लवकर उडतं म्हणे. हो हो म्हणालो.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी पुतळ्याजवळच्या गर्दीतून तिला फोन. उचलला सुजयनं. तिच्याबरोबर बोटीवर असतो तो. "पाण्यात उतरलीय. काही काम होतं का?"
जय भीम करायचा होता. हे काम नाय का?

१७ एप्रिल
एप्रिलची बाटली आली. उघडलीच नाय. मागच्या सगळ्या एप्रिलांचे आकडे पाठ आहेत, थोडे वरखाली करून तक्ता भरला अन् पाठवला. तासाभरात र.चा मेसेज: अगदी नेहमीसारखं, भारी काम केलंस.
बाटली खिडकीत, मार्चवालीशेजारी. मोजू दे त्या सुजयला.

८ मे
बेचाळीसच्या वर. लॅबचा एसी बंद. चाचा सिल्लोडला, पुतणीच्या लग्नाला. वाळूजला एका कंपनीत कामाला गेलतो, दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरशी वाजलं. आई बोलत नाय. लॅबकडं दोन आठवडे फिरकलो नाय. बाटल्या आठवल्या. जाऊ उद्या.

१३ मे
र.चा फोन. स्वतःहून. खुश झालो ते अर्धा मिनिट.
खाडी चार दिवस तांबूस. काठाला मासे उलटे. ती भिकूतात्यांच्या वाडीत राहते, ते म्हणतात उन्हानं होतं कधीकधी. पण वाडीवर सगळे तिसऱ्या खातात, शिंपल्यातल्या, त्याच खाडीतल्या. पाण्यात विषारी प्लवक वाढलं की ते शिंपल्यात साठतं, माणसाला बाधतं. हे तिनंच मला शिकवलेलं. तात्यांनी विचारलं, बाय, काढू का नको?
"तुझा तक्ता दाखवला त्यांना. म्हटलं एप्रिलमधे काहीच वेगळं नव्हतं. विशालनं मोजलंय."
मी हो म्हणालो.
फक्त हो. त्यानंतर ती कायतरी हसली पण.

१४ मे
सकाळी लॅब. एप्रिलची बाटली पाण्यासारखी. तळाला पांढरी बुकटी. दोन तास पाहिलं. काचेची घरं तेवढी उरलीत. करदोडावाला एकपण नाय. मार्चच्या बाटलीत पण नाय.
म्हणजे आता बाटली माझ्या तक्त्यासारखंच बोलते. कोणीबी तपासू दे, मी खरा.
चाचा परतलेत. बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "ये मर गई बेटा. इसमें जो था, अब किसी को नहीं दिखेगा."
मला दिसलेलं. अकरा. एप्रिलमधे किती असतील

१४ मे, दुपारी दीड
तिचा फोन लागत नाय. वाडीत रेंज नसते. सुजयला लावला.
तो जेटीवर. म्हणाला ती तात्यांकडं जेवायला गेलीय, आज मुद्दाम तिसऱ्यांचं कालवण आहे, त्यालापण बोलावलंय, जाईल थोड्या वेळानं.
"आत्ता जा. कोणाला खाऊ देऊ नको. मी मोजलं नव्हतं."
"काय?"
"एप्रिलचं मोजलंच नव्हतं म्हणतो ना. पळ."
एक शिवी आली, मग पावलांचा आवाज, मग कट.

तिला ५ एप्रिलच्या पानाचा फोटो टाकला. तो गोल, करदोडा, अकरा, सगळं त्याच पानावर आहे, दुसरीकडं कुठंच नाय. खाली १७ तारखेचं लिहिलेलं पण आलंय. शेजारी बिघडलेले डोळे. काहीच कापलं नाय.
एक टिक.
पावणेदोन. अजून एकच.