आधी आईचं रक्त

३ मार्च
...आणि तरी फोनवर ताईचं पालुपद तेच! टेस्ट आईची आधी. अगं बाई, आईला छातीचा कॅन्सर झालाय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, त्यासाठी बारा हजारांचा कागद कशाला? करायची तर तुझी करू, तुझं अजून काही बिघडलेलं नाही. तर म्हणे, हॉस्पिटलातल्या कौन्सेलर बाई सांगतात, हा दोष रक्तातून उतरतो, पण नेमका कुठला ते आजारी माणसाच्या रक्तात सापडतं. मग तोच ताईच्या रक्तात शोधायचा. मी म्हटलं, बाईंचं कमिशन असेल. ताई म्हणाली, तू सातवी नापास ना रे? मी म्हटलं, आठवी. पैसे माझे, तर डोकंही माझंच चालणार.

५ मार्च
सगळ्यांनी मिळून ठरवलं, टेस्ट ताईची. म्हणजे मी ठरवलं. एका फटक्यात आईचे बारा हजार वाचवले! त्यातून जिमची वर्षाची मेंबरशिप. गोदामात खोकी उचलून पाठ तयार झालीय, छाती मागे पडलीय. संकल्प: सहा महिन्यांत शर्टाची बटणं तुटली पाहिजेत.

२ एप्रिल
ताईचा रिपोर्ट क्लीन!!! तरी कौन्सेलर बाईंचं तोंड वाकडंच. यावरून काही कळत नाही म्हणे. काय हरवलंय तेच माहीत नसताना घर धुंडाळल्यासारखं झालं, म्हणे. पास झालेल्याला पास म्हणायला काही लोकांच्या जिवावर येतं. गोदामात सगळ्यांना चहा पाजला. मुकादमानं विचारलं, आई बरी झाली का? मूड घालवला.

९ एप्रिल
हॉस्पिटलनं आईकडून जगणं कसं चाललंय याचा फॉर्म भरून घेतला. झोप लागते का, मळमळतं का, ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जातो का. जीव घाबरा कधी होतो, याला आईचं उत्तर: मुलगा फोनवर सल्ला देतो तेव्हा. ताईनं मला मुद्दाम वाचून दाखवलं. आई पहिल्यापासून विनोदी. मी तिला समजावलं, पॉझिटिव्ह राहा, केस काय, परत येतात. ती म्हणाली, केस येतील रे, तू कधी येतोस? मी म्हटलं, आवाज तुटतोय.

२० एप्रिल
छाती भरायला लागली! सध्या फक्त डावी. आत चिंचोक्याएवढा मसल, दगडासारखा. ट्रेनरला दाखवला. म्हणाला, हा मसल नव्हे, डॉक्टरला दाखव. स्वतःच्या पोटाकडे बघ म्हणावं. खोलीतला ढोल्या तर म्हणतो, डावीकडे वाढलास, आता गोल गोल चालशील. जळतात.

६ मे
आईचं हाडांत पसरलंय. ताई म्हणते, बाईंनी पुन्हा निरोप दिलाय, आईचं रक्त आत्ताच तपासू द्या, नंतर मागायचं कुणाकडे? ताई विनवण्या करत होती. एवढ्या आवाजात विनवणी करतात का? तरी मी मोठ्या मनानं कबूल झालो. दहाला पगार. दहाला नक्की पाठवणार. माझा शब्द म्हणजे शब्द.

१० मे
पगार झाला. शूज घेतले, अर्धे रोख, अर्धे हप्त्यानं. जिममध्ये पाय घसरतो, उगाच मोडून बसलो तर घर कोण चालवणार? पुढच्या दहाला शंभर टक्के. आई कुठे पळून जातेय?

१९ मे
आई गेली.
मुकादमानं न मागता सुट्टी दिली. तिकीट बघितलं, फार होतं. कामावरच थांबलो. खोकी नेहमीपेक्षा जास्त उचलली. ढोल्यानं न सांगता माझं ताट धुतलं. ताईला विचारलं, रक्त घेतलं होतं का? म्हणाली, पैसे भरल्याशिवाय घेत नाहीत. बस, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२ जून
गोदामात डॉक्टर आला, सगळ्यांची तपासणी. माझी डावी बाजू त्यानं तीनदा दाबली. घरात कुणाला कॅन्सर? म्हटलं, आईला होता, पण काळजी नको, ताईची टेस्ट क्लीन आहे, म्हणजे आमच्या रक्तात नाही. आईची केली होती? म्हटलं, नाही, ते पैसे वाचवले. तो बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसला. पुरुषांनाही होतो म्हणाला. सुई टोचून बघायची चिठ्ठी दिली. चिठ्ठी शूजच्या खोक्यात टाकली.

९ जून
ताईचा फोन. ऑपरेशन करून छाती आधीच काढून टाकायची, की वाट बघत बसायचं, ते तिला ठरवायचंय. रात्र रात्र झोप नाही म्हणे. आई गेली, मावशी याच दुखण्यानं कधीच गेली. रक्ताच्या नात्यातलं आणखी कुणी आजारी असेल तरच आता उत्तर मिळेल, असं बाई म्हणाल्या. मग ताईनं हळूच विचारलं, तू बरा आहेस ना रे?
मी म्हटलं, मी? ठणठणीत! छाती बघायला ये एकदा.
ती रडली. म्हणाली, देवानं निदान तुला तरी सोडलं.
संकल्प: चिठ्ठीचं काय ते जिमची मेंबरशिप संपल्यावर बघू, पैसे भरून ठेवलेत. ताईला मन रमवायला म्हणून पाठवतोय: एक हजार.
शूजचा हप्ता आहे. पाचशे.