जहाज आधी की पाळणे?

मांद्रे, बुधवार

प्रिय प्राजू,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. पण काल देवळात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोन करावा तर फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये तुझे बाबा तोंड फुगवून बसलेले. म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहितेय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाईन तेव्हा पेटीत टाकीन.

तू विचारलं होतंस, सहलीत आधी मुंबईजवळच्या त्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कात जायचं की आधी जहाजावर चढायचं. तुम्हीच ठरवा म्हणालीस. बाई गं, कुणाला ठरवायला सांगितलंस! तुझा मुलगा फोनवर पाळणे पाळणे करून नाचतो, संदीपराव म्हणतात जहाज आधी, म्हणजे थकवा यायच्या आत समुद्र बघून होईल. आणि तुझे बाबा? केरीच्या फेरीबोटीत दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहणारा माणूस. त्यांना जहाज शेवटी हवं होतं, जमलं तर नकोच. पण जावयासमोर भीती कशी कबूल करणार? मग आपल्या घरात कशावरही अडलं की जे होतं तेच झालं. म्हणाले, देवाला कौल लावू. विहिरीला कौल, तुझ्या लग्नाला कौल, आता पाळण्यांनाही कौल. मी हसले, तर माझ्यावरच डाफरले.

मंगळवारी आम्ही देवळात गेलो. मी, तुझे बाबा, आणि नारळाचं ताट घेऊन शेवंतीआत्या. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जहाज आधी, डावी पडली तर पाळणे. गाऱ्हाणं घातलं, त्यात जाणाऱ्यांची सगळ्यांची नावं घेतली. तुझं, संदीपरावांचं, मुलाचं, आम्हा दोघांचं. आत्या घर आणि म्हैस सांभाळणार, हे कोणी ठरवलंसुद्धा नव्हतं. ते आपल्याकडे ठरलेलंच असतं. आणि पाकळी काही हलेना. दिव्यातलं तेल संपत आलं, तरी एकही पडेना. मग गुरव रिवाजाप्रमाणे म्हणाला, घरातल्या कुणाचं मन अडलेलं असेल तर देवासमोर मोकळं करा. तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी हसले तेच नडलं.

तेवढ्यात माझ्या मागून आत्या बोलली. सावकाश, शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तशी. "देवा, घरांत कोण विचारीना म्हणून तुकाच सांगतां. म्हजें लगीन थारलां. मयेंच्या बाबलीवांगडा." प्राजू, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. गुरवाच्या हातातली घंटा तशीच राहिली. चोपन्न वर्षांची आपली आत्या, जिने तुला न्हाऊमाखू घातलं, जिचा आवाज घरात भांड्यांच्याही खाली असतो, ती भर देवळात स्वतःचं लग्न सांगत होती! तुझे बाबा चप्पलसुद्धा न घालता बाहेर पडले. त्या गोंधळात पाकळी कधी पडली आणि कुठल्या बाजूची पडली, ते कुणी पाहिलंच नाही.

हा बाबली कोण, असं मी तिला वाटेत विचारलं. शुक्रवारच्या बाजारात ती आपली वांगी, मिरच्या घेऊन बसते ना, तिच्या शेजारी केळी विकतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मयेला तळ्याजवळ बागायत आहे. ऊन तिच्या बाजूला आलं की आपली छत्री तिच्याकडे सरकवतो म्हणे. एवढंच सांगितलं आणि चक्क लाजली. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर एका चुलीवर रांधते, पण ती लाजलेली मी कधी पाहिली नव्हती. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला रडू आलं, आणि ते आनंदाचं की ती जाणार म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर तुझ्या बाबांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच की, ह्या वयात हे थेर, लोक तोंडात शेण घालतील. तिने वाढलेलं जेवत नाहीत. तिच्याच हातचं रांधलेलं मी वाढलं की जेवतात, तो भाग वेगळा. ती मात्र रोजच्यासारखी म्हैस पिळते, तुळशीला पाणी घालते, आणि मला पहिल्यांदाच तिच्याकडे बघायला भीती वाटते.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या रविवारी मयेला देवळात त्यांचं लग्न आहे. जहाज आधी असो की पाळणे, त्या रविवारी आपण सगळे मुंबईत असणार. तुझ्या बाबांना नेमकं तेच हवंय. मला बजावलंय, पोरीला पाळणे आधी म्हणून कळव, बाकी चकार शब्द काढू नकोस, माहेरचं कोणी उभं राहिलं नाही की ती आपोआप गप्प बसेल. तर कळवलं, पाळणे आधी. पण माझं तिकीट रद्द कर, प्राजू. मी येत नाही. मी मयेला जाणार, तिच्या पाठीशी उभी राहणार. तुझे बाबा रागावतील, रागावू देत. तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. फक्त एक ऐक. काल तिने मला विचारलं, "प्राजू हांसतली गो?" मी म्हटलं, नाही हसणार. आणि खात्री नसताना म्हटलं.

तुझीच, हट्टाला पेटलेली
आई