वाचता आलं की नेईन

उलानबातर,
६ मार्च २०२०

चि. दुलमा हिस,
अ. उ. आ. हिवाळा निभला ना? मेंढ्या अंगाने धड आहेत ना?

माझी एगशिग गोम्बोच्या लॉरीतून तुझ्या गेरच्या तंबूत सुखरूप पोचल्याचं त्याच्याच फोनवरून कळलं. तिच्याबरोबर पीठ, वह्या आणि संत्री दिली आहेत. संत्री तुझा नवरा चोइजिन एकटाच फस्त करील, त्याच्यावर नजर ठेव.

जानेवारीपासून शाळा बंद आहेत, पण आमची बेकरी कसली बंद होते! माणसं रोगाला कितीही भ्यायली तरी पाव खातातच. इतके आठवडे आठ वर्षांच्या पोरीला घरी एकटी ठेवून मी पहाटे कामावर जात होते. टीव्हीवर दुसरीचे धडे लागतात, ते ती बघायची. बघायची की नुसती भिंतीकडे बघत बसायची, कोण जाणे. तिचा बाप कोळशाचा ट्रक घेऊन सीमेवरच्या रांगेत अडकला आहे. त्याची मदत म्हणजे अधूनमधून एक फोन, आणि त्यातही थंडीचीच तक्रार.

दुलमा, तिचं वाचन अडलं आहे. अक्षरं सगळी ओळखते, पण ओळ वाच म्हटलं की घासात खडा यावा तशी थांबते. तिच्या वर्गाच्या उयांगाबाई म्हणाल्या, दर आठवड्याला एक पान वाचून त्याचा आवाज फोनवर पाठवा. शाळेचं वर्ष संपेपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल. म्हणून निघताना मी तिला कबूल केलं आहे, ज्या दिवशी न अडखळता पान वाचशील, त्याच दिवशी निघून तुला न्यायला येईन. आमिष दाखवलं की पोरं धावतात.

मेंढ्या विण्याचे दिवस, त्यात हा भार तुझ्यावर टाकला. काय करू, थकले आहे गं. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई,
नोर्जमा


गेरवरून,
१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मेंढ्या धड आहेत, आम्हीच रोडावलो आहोत. फोन फक्त टेकडीवर लागतो आणि वाऱ्यात तुझे निम्मे शब्द उडून जातात, म्हणून हे सगळं लिहून गोम्बोच्या हाती देते.

दुसरीचा धडा टीव्हीवर लागला रे लागला की मेंढ्यांना कळा सुरू होतात. जणू मुहूर्तच काढून ठेवलाय मेल्यांनी! एक हात मेंढीला, एक डोळा पडद्याला. मागच्या आठवड्यात धुळीचं वादळ उठलं, सूर्यच दिसला नाही, बॅटरी भरली नाही आणि धडेही बुडाले. टीव्हीतली बाई प्रश्न विचारून थांबते. एगशिग गप्प. मग मीच उत्तर देते आणि बाई मला शाब्बास म्हणते. परवा चोइजिनने वजाबाकी साफ चुकवली, तरी बाई त्यालाही शाब्बास म्हणाली. तेव्हापासून स्वारी ताठ मानेने फिरते आहे.

पोर गुणी आहे, ताई. आई मेलेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजते, शेण गोळा करते, चूल सांभाळते. पण पुस्तक उघडलं की तिचं तोंड मिटतं. मी ओरडून पाहिलं, गोंजारून पाहिलं, आरूलच्या, सुकवलेल्या दह्याच्या वड्यांची लाच देऊन पाहिली. रविवारी घोड्यावरून टेकडीवर जाऊन आवाज पाठवला, तो तू ऐकलाच असशील. आठवीत शाळा सोडलेली बाई मी, मास्तरीण कुठून होणार? काल तर तिला शिकवता शिकवता पुस्तकावरच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं. पोरीनेच घातलं असणार.

हाडं दुखतात, पण तुझं काम टाळणार नाही. आठवण काढत जा.

तुझी,
दुलमा


उलानबातर,
२० एप्रिल

चि. दुलमा हिस,
अ. उ. आ.

रागातच लिहिते आहे. उयांगाबाईंनी एगशिगचा आवाज ऐकला आणि मला फोन करून विचारलं, मुलीला घरी कुणी वाचायला बसवतं की नाही. मी काय सांगू? वर्गाच्या गटावर बाकीच्यांची पोरं घडाघडा वाचतात, आयांना अंगठे आणि फुलं मिळतात. माझ्या पोरीचा आवाज आला की सगळे गप्प. कुणी नावं ठेवत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

तुझ्या गेरमध्ये पुस्तकापेक्षा कोकराला मान आहे, असं मला वाटायला लागलं आहे. मागच्या रविवारी फोनवर तिला पुन्हा सांगितलं, लवकर वाचायला लाग म्हणजे लवकर नेते. तर तिने फोनच तुझ्या हातात दिला. आईशी बोलायलाही आता सवड नाही वाटतं तिला!

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. बारा तास भट्टीपुढे उभी राहून घरी येते, रिकाम्या घरात चहा पिते आणि कुणावर तरी चिडायचं म्हणून तुझ्यावर चिडते. सख्खी बहीण असल्यावर एवढं सोसावं लागतं.

तुझी,
नोर्जमा


गेरवरून,
१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. आता भांडण राहू दे. बसून वाच.

वादळात चोइजिनचा चष्मा फुटला, हे तुला लिहायचं राहिलं होतं. शुक्रवारी तो जंतांचं नवं औषध घेऊन बसला आणि पहिलं कोकरू मांडीत धरून त्याचं तोंड उघडलं. एगशिग बाजूला उभी होती. एकदम किंचाळली, काका थांबा! त्या खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, एक महिन्याखालील कोकरांना देऊ नये, दिल्यास दगावण्याची शक्यता. तिने ते एका दमात वाचलं, ताई. दगावण्याची शक्यतासुद्धा. कुठे थांबली नाही की अडली नाही. कोकरू वाचलं, पण आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी बकऱ्यांची लोकर विंचरताना ती आपणहून बोलली. म्हणाली, आईला सांगू नकोस, सांगितलंस तर ती मला न्यायला येईल. ताई, तू कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचीस ना. एकदा दाराच्या फटीतून धूर आत आला. पोरीला वाटलं, आग लागली. दार उघडेना, खिडकी पाचव्या मजल्यावर. तोंडाला ओला टॉवेल लावून ती न्हाणीघरात बसून राहिली. संध्याकाळी कळलं, शेजारणीचं पातेलं करपलं होतं. तुला का सांगितलं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाली, आई दमली होती.

वाचता आलं की नेईन, असं तू म्हणालीस, म्हणून पोरीने वाचणंच सोडलं. आमिष बरोबर होतं, ताई, फक्त पोर उलट्या दिशेला धावली.

मी उयांगाबाईंना अजून काही कळवलेलं नाही, ते तू ठरव. आणि खोटं कशाला बोलू? आम्हाला मूल नाही. ती अशीच अडखळत राहिली तर इथेच राहील, असं माझ्याही मनात येऊन गेलं. आणखी दोन दिवस गेले असते तर हे पत्र मी लिहिलं नसतं, म्हणून आजच गोम्बोला अडवून ठेवलं आहे.

रागावू नकोस तिच्यावर. माझ्यावर चालेल.

दुलमा


उलानबातर,
२६ मे

चि. दुलमा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बेकरीच्या मागच्या दारात पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मालकीण विचारायला आली, कुणी गेलं का. मी नाही म्हणाले.

कुलूप मीच लावत होते. आमच्या जिन्यात चार घरांना अशीच कुलपं होती, सगळ्या आया कामावर. लहान पोर दार उघडून कुणालाही आत घेईल, खाली जाईल, रोग घेऊन येईल, याची भीती वाटायची. कुलूप लावलं की मी दाराला कान लावून उभी राहायची. आतून काही आवाज यायचा नाही. मला वाटायचं, शहाणी आहे माझी पोर, रडत नाही. त्या दिवशी घरात करपल्याचा वास आला होता, तेव्हाही मी शेजारणीलाच दोन शब्द सुनावून झोपले. पोरीकडे पाहिलंच नाही गं.

तिला माझ्या वतीने सांग, वाचता आलं म्हणून नेणार नाही आणि नाही आलं म्हणून टाकणार नाही. दुसरीत पुन्हा बसावं लागलं तर बसू दे. तिला यावंसं वाटेल तेव्हा येऊ दे. वाटलंच नाही, तर तुझ्याकडे राहिली म्हणून मी तुझ्याशी वैर धरणार नाही. हे लिहिणं सोपं नाही, पण लिहिते.

एकच गोष्ट मला सुटत नाही. शाळा अर्धाच दिवस असते आणि पाव भाजणं तर मला सोडता येणार नाही. ती आली तर उरलेला दिवस एकटी राहणारच. दार उघडं ठेवायची छाती होत नाही आणि कुलूप लावायला आता हात उचलणार नाही. मग करू काय? तुला काही सुचलं तर कळव.

पोरीला जवळ घेऊन ठेव, माझ्याही वाटणीचं.

तुझी,
नोर्जमा


९ जून

प्रिय आईस,
नमस्कार.

हे पत्र मी एकटीने लिहिते आहे. मावशीने फक्त कागद दिला. काका म्हणतात, नमस्कार लिहिल्यावर जनावरांचं लिहावं. जनावरं बरी आहेत.

गोम्बोकाकांनी तुझं पत्र आणलं तेव्हा मावशी शेळ्यांचं दूध काढत होती. हात ओले होते, म्हणून मला म्हणाली, तूच वाच मोठ्याने. मी सगळं वाचलं. दोन ठिकाणी रडू आलं, पण अडले नाही. मावशीच दूध काढायची थांबली. शेळीने तिला लाथ मारली.

काल टेकडीवर जाऊन बाईंना पूर्ण पान वाचून पाठवलं. बाई म्हणाल्या, तिसरीत ये. शहरात मी खरंच अडायचे, पण इथे वाचता यायला लागल्यावर एप्रिलमध्ये मुद्दाम चुकत होते, हे मी बाईंना सांगितलं नाही. तू पण सांगू नकोस.

मला इथे आवडतं. मावशीला सोडून यायचं म्हटलं की मी कोकरांकडे जाऊन बसते. पण तू रिकाम्या घरात चहा पितेस, हे मावशीने मला सांगितलं. म्हणून सप्टेंबरात शाळा उघडली की मी येणार. मावशी म्हणाली, जा, पण पुढच्या उन्हाळ्यात परत आली नाहीस तर बघ.

तू मावशीला विचारलं होतंस, काय करू. मला सुचलं आहे. तू कामावर गेलीस की कुलूप मी आतून लावीन. किल्ली माझ्याकडे. अनोळखी कुणी आलं तर उघडणार नाही. धूर आला तर उघडून खाली पळेन. आणि संध्याकाळी तू दमून आलीस की बाहेरून हाक मार, मी उघडीन.

तुझी,
एगशिग