रिकामं पोतं

दादा,

साष्टांग नमस्कार.

प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक म्हातारा कुत्रा घरी आणलाय. "तुम्ही होताच की, आणखी एक म्हातारा कशाला?" असं म्हणत तुझी भावजय हसली. आता तो तिच्याच पायाशी झोपतो. घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं.

काल मी रिकामं पोतं झटकलं, तर तो खाटेखाली शिरून थरथरत राहिला. त्यालाही कुणीतरी पोत्यातून नेऊन सोडलं असावं.

दादा, लहानपणी तुझा कुत्रा पळाला नव्हता. तो तुझंच ऐकायचा, म्हणून मीच त्याला पोत्यात घालून पुलापलीकडे सोडलं. तू आठवडाभर हाका मारत फिरलास. तुझ्याबरोबर मीही हाका मारल्या.

हे पत्र देवापाशी ठेवतोय, टपालात टाकायचा धीर नाही. देवापुढे हात जोडले, की हा कुत्रा माझ्या हातांकडे बघत बसतो.

तुझा,
धाकटा