वरच्या मजल्यावरची बाई

कोपरखैरणे,
ता. १८ फेब्रुवारी १९९६

ती. उदयसिंहदादांस,
विजयमालाचा सा. न. वि. वि.

घरावरचा मजला पुरा झाला. ह्यांनी वाशीच्या मार्केटात पाठीवर वाहिलेल्या गोण्यांतून उभा राहिलाय, म्हणून भाडेकरू पारखून ठेवला. सरोजिनी नावाची नर्स आहे, सोबत लहानगी मुलगी. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वेगळी झालीय, हे तिनं स्वतःहून सांगितलं. एजंट म्हणाला, करार तिच्या भावाच्या नावानं करा. मी म्हटलं, राहणार ती, भाडं भरणार ती, मग सही भावाची कशाला? तिच्याच नावानं केला.

वहिनींना सांगा, जिना फार अरुंद झालाय. त्या आल्या की खालीच बिछाना घालू!

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
आपली,
विजू

कोरेगाव,
ता. ९ मार्च १९९६

चि. विजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिन्याचं वाचून तुझी वहिनी हसली. मला मात्र हसू आलं नाही. नवऱ्याला सोडून आलेली बाई घरात ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर? तुझ्या लेकीची, तेजश्रीची सोयरीक जमवायची आहे. पाहुणे मुलगी बघण्याआधी शेजारपाजार बघतात. कंपनीचे साहेबलोक भाड्यानं घेतात म्हणे, त्यांना दे. घर बांधणं सोपं, राखणं अवघड. बाबासो दाजी भोळे आहेत, तू तरी शहाणी हो.

थोरल्याचं ऐकावंस, एवढाच हट्ट.
तुझा,
दादा

कोपरखैरणे,
ता. २ जुलै १९९६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं खरं झालं. रविवारी सकाळी सरोजिनीचा नवरा दोघा भावांना घेऊन आला. आमची बाई आमच्या ताब्यात द्या, म्हणून गल्लीभर आरडाओरडा. मी सांगितलं, घर माझं आहे, भाडेकरू माझी आहे, वर जायचं तर पोलीस घेऊन या. हे उठले. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. ह्यांचे खांदे तुम्हाला ठाऊक आहेत, वाटच उरली नाही. समोरची मासळीवाली शांतीही पाटी टाकून धावत आली. आमचे गल्लीन बाईवर हात नाय टाकाचा, म्हणून तिनं असं काही ठणकावलं, की तिघंही मागे सरले. दुपारी सरोजिनीबरोबर चौकीत जाऊन तक्रार दिली.

एजंट दुसऱ्या दिवशी हजर. आता तरी खोली खाली करा, कंपनीवाले तयार आहेत, म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवला.

तेजश्रीसाठी आलेल्या स्थळानं मात्र हे ऐकून नकार कळवला. मला रडू आलं. पोरगी म्हणते, बरं झालं, माणसं लग्नाआधी कळली.

भाडेकरू बदलणार नाही. तुम्ही तेवढे परके होऊ नका.
आपली,
विजू

कोरेगाव,
ता. २५ नोव्हेंबर १९९६

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. आपली प्रियदर्शिनी दिवाळीला आली ती परत सासरी जायला तयार नाही. पाठीवरचे वळ तिच्या आईनं पाहिले. लेक माझी, आणि मी तिला थोडं सोसून बघ म्हणालो. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. भावकीत कुजबुज सुरू झालीय. तिला काही दिवस तुझ्याकडे ठेवशील का? रात्रीच्या एस.टी.नं घेऊन येतो, म्हणजे कुणाला दिसायचं नाही.

तुला शहाणपण शिकवलं, ते पोटात घाल.
तुझा,
दादा

कोपरखैरणे,
ता. ३० नोव्हेंबर १९९६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

विचारायचं काय त्यात? सरोजिनीला सांगताच तिनं आपल्या खोलीत दुसरी खाट टाकली. तिच्या दवाखान्यात मदतनीस हवी आहे, तिथंही शब्द टाकलाय. प्रिया पाहुणी म्हणून राहणार नाही. कमावती झाली की भाड्यातला तिचा वाटा मी घेणार, आत्तापासून सांगून ठेवते.

एक मात्र माझं ऐका. रात्रीच्या गाडीनं आणू नका. सकाळी निघा, भर दुपारी या, आणि नाक्यापासून घरापर्यंत तिचा हात धरून गल्लीतनं चालत या. बघू देत लोकांना.

वाट बघते.
तुमचीच,
विजू